भिंतीला नमस्कार

शेवटचा गजर थांबला, तसा घड्याळजीने नेहमीप्रमाणे आधी भिंतीला नमस्कार केला, मग पेटीच्या रिकाम्या खोक्याला.

भजनी मंडळाची रीतच होती: भजन संपलं की उजव्या आणि डाव्या शेजाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, त्याच्यात देव आहे असं समजून. घड्याळजीला देव मान्य होता. शेजारी मान्य नव्हते. पेटीवाले काका आलाप आणि ढेकर एकाच सुरात काढत. शिवणवाली मावशी ऐन आरतीत खुदकन हसे, आणि का हसलीस विचारलं तर आणखी हसे. दिवसभर डोळ्याला भिंग लावणाऱ्याला मळ दिसायचाच. म्हणून त्याने कोपरा धरला होता. बायको गेल्यापासून त्याच्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता. न्हावीसुद्धा तोंडाळ म्हणून सोडला होता; केस तो स्वतःच कापी. तसे ते दिसतही.

अलीकडे मात्र शेवटच्या रांगेत एक माणूस येऊ लागला होता. ताठ पाठ, मिटलेले डोळे. टाळांच्या कल्लोळातही त्याची पापणी हलत नसे. इतका शुद्ध माणूस घड्याळजीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. डोकं टेकावं असे कुणाचे तरी पाय जगात असावेत, एवढंच त्याचं मागणं होतं. आज त्याने धीर केला. सतरंजी ओलांडून गेला, गुडघे टेकले आणि वाकला.

वरून घोरण्याचा आवाज आला. बारीक, पण शंकेला जागा न ठेवणारा.

मग तो माणूस दचकून जागा झाला.

"कोण वारलं?"

"कुणी नाही. नमस्कार करतोय."

"मला? अहो, मी रात्रपाळीचा लिफ्टवाला. घराखाली दिवसभर पत्रे ठोकतात, म्हणून इथे येऊन झोपतो. बसून झोपायची सवयच आहे." मग त्याला रीत आठवली. "बरं, मग मीही करतो."

तो वाकला. दोन डोकी खाडकन आपटली.

घड्याळजीने उठायला पाहिलं. कंबर जागच्या जागी धरली होती.

"पोचला हो नमस्कार," लिफ्टवाला संकोचून म्हणाला.

"उठता येत नाहीये," घड्याळजी त्याच्या पायांशी म्हणाला.

मावशी आधी हसली, मग धावली.

"अगं बाई! काका, तुम्ही तिकडून धरा. भाऊ, अंग सैल सोडा, आम्ही काही तुम्हाला पळवून नेत नाही."

पेटीवाल्या काकांनी त्याच्या काखेत हात घातला. मावशी तळव्याने कंबर चोळू लागली, शिवणयंत्राच्या चाकासारखी, गोल गोल. डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून लिफ्टवाल्याने ते ओंजळीत धरून ठेवलं. त्याचे हात झोपेतल्या माणसाचे असतात तसे ऊबदार होते.

बाकीची मंडळी चपला घालून निघून गेली. या तिघांपैकी कुणी हललं नाही.

"सुटली का हो?" मावशीने विचारलं.

कंबर मघाशीच सुटली होती.

"अजून नाही," घड्याळजी म्हणाला.