डेकवरचं लाल पाणी

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही राहत होतो त्या बोटीच्या डेकवर एक भूत उतरवणारा बाबा तांब्यातलं पिवळं पाणी शिंपडत होता आणि फळ्यांवर पडताच ते रक्तासारखं लाल होत होतं.

"बुडून मेलेल्या बाईचं भूत आहे," बाबा म्हणाला. "उंदीर, झुरळं, सगळी तिचीच पिलावळ. तिला या सुनेनं आणलंय. हिचा हात फिरला तिथंच रक्त उमटतंय."

ती सून म्हणजे मी. डेक रोज मीच घासायची. महिनाभर उंदरांनी उच्छाद मांडला होता, त्यात सासरे तापानं अंथरुणाला खिळलेले.

नवरा खाली मान घालून म्हणाला, "थोडे दिवस माहेरी जा."

"आणि बाळ?"

"बाळ इथंच राहील," उत्तर बाबानं दिलं. सासूबाईंनी तान्ह्या मुलीला छातीशी घट्ट धरलं.

मी कपडे भरायला खाली गेले. हातांवर ते पिवळं पाणी उडालं होतं. ते धुवायला डेक पुसायच्या बादलीत हात घातले, तर तळवे लालभडक. माझ्यातच काही शिरलंय, असं वाटलं. मग हात नाकाशी नेला. वास हळदीचा होता. आणि बादलीत धुण्याचा सोडा होता. हळदीचा डाग सोड्यानं लाल होतो, हे कपडे धुताना किती वेळा पाहिलं होतं.

बादली आणि लिंबू घेऊन मी वर आले. "सासूबाई, धक्क्यावरच्या त्या बाकाला माझा हात कधी लागलेला नाही. तुम्हीच त्यावर हे बादलीतलं पाणी फिरवा."

त्यांनी फिरवलं. मी बाबाच्या तांब्यातलं पाणी ओतलं. बाक लाल झाला.

"ती तिथंही पोचली," बाबा घाईघाईनं म्हणाला.

मी डागावर लिंबू पिळलं. डाग पिवळा झाला.

"भूत लिंबाच्या फोडीला भ्यालं की काय?" धक्क्यावरचा तिकीटवाला म्हणाला. लोक हसले. दोन दिवस धक्क्यावर बसून मला डेक घासताना पाहणारा बाबा तांब्या तिथंच टाकून सटकला.

सासूबाईंनी मुलीला माझ्या हातात दिलं. मग डॉक्टर आले. सासऱ्यांचा ताप उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून आला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर ते हाती लागले नसते. बोट धक्क्याला बांधलेल्या दोरांवरून उंदीर चढत होते. नवऱ्यानं दोरांवर उंदरांना ओलांडता येणार नाहीत अशा पत्र्याच्या चकत्या बसवल्या, आम्ही खरकटं झाकून ठेवू लागलो. उंदीर यायचे थांबले.

भीती मलाही वाटली, तुम्हालाही वाटेल. पण भ्यायलात म्हणून एखाद्या बाईला घराबाहेर काढू नका. आधी हात धुऊन बघा, वास घेऊन बघा, विचारा.