अण्णांनी झोपवलेलं मशीन

बुधवारी सकाळी अकराला माझ्या वडिलांचा, अण्णांचा फोन आला, तेव्हा मी गुडगावच्या ऑफिसात मीटिंगला निघाले होते. २००७चा मे महिना होता.

"सुखदा, आज पुन्हा संगणकावरून उठवलं मला. पोरांसमोर. सेक्रेटरी म्हणतात, अंकल, आपका डिब्बा वायरस फैलाता है."

डिब्बा म्हणजे मी त्यांना दिलेली, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांत मिळून तीन संगणक होते. त्यांवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत आणि रोज संध्याकाळी सगळं पुसलं जाई. म्हणून मी डिस्कवरच एक अख्खा संगणक बसवून दिला होता, व्हर्च्युअल मशीन. डिस्क कुठेही जोडली की पडद्यावरच्या एका चौकटीत अण्णांचा संगणक उघडे, मराठीसकट. काम थांबवताना ते बंद करायचं नाही, नुसतं झोपवायचं, हे मी शिकवलं होतं. पुढच्या वेळी ते सोडलेल्या शब्दावरच जागं होई.

त्यात ते पत्ते टिपत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली मराठी माणसं निवृत्तीनंतर सेक्टरांत आणि टॉवरांत पांगली होती. कोणी गेलं तर निदान कळवता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"लेखी विचारा त्यांना," मी म्हणाले.

"अर्ज लिहितोच आहे. तोवर शनिवारी तुझ्याकडे येऊ का? तासभर बसेन. घरूनच जेवून निघेन, स्वयंपाकाचं बघू नकोस."

"शनिवारी ऑफिस आहे, अण्णा. मार्केटमधल्या सायबर कॅफेत लावा ना."

"अच्छा. बिल्कुल." मन दुखावलं की अण्णा हिंदीत बोलत.

गुरुवारी दुपारी कॅफेतून परतताना ते भर उन्हात चौकात कोसळले. हॉस्पिटलने मला त्यांची कापडी पिशवी दिली. आत चष्मा, पाण्याची रिकामी बाटली आणि डिस्क होती.

दहा दिवसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरी डोळे मिटून म्हणाले, "अंकल हमारे लिए पिता समान थे."

पिता समान! वडिलांना पोरांसमोर खुर्चीवरून उठवतात का? ज्या माणसाने उभ्या नोकरीत सरकारी पेनने घरचं पत्र लिहिलं नाही, त्याच्यावर यांनी संगणक बिघडवल्याचा आळ घेतला, आणि आता त्याच्याच फोटोपुढे हात जोडून उभे! सभा संपताच मी शेजारच्या खोलीत गेले आणि पहिल्याच संगणकाला डिस्क जोडली.

सेक्रेटरी मागोमाग आले. "मैडम, प्लीज़. रूल सबके लिए है."

"पापा का सारा काम इसी डिस्क के अंदर रहता था. आपके कंप्यूटर में कुछ नहीं जाता था. उन्होंने बताया नहीं आपको?"

"बताया था. लेकिन मुझे क्या पता अंदर क्या है?"

"तो बैठिए. देखिए."

ते बसले नाहीत. मशीन जागं झालं. कोपऱ्यातल्या घड्याळात क्षणभर गुरुवारचे तीन पन्नास दिसले आणि मग ते आजच्या तारखेवर आलं. समोर अर्जाचा कच्चा मसुदा होता. इंग्रजीत जाणारा प्रत्येक कागद अण्णा आधी मराठीत लिहीत, ही त्यांची ऑफिसातली जुनी सवय.

"क्या लिखा है?" सेक्रेटरींनी विचारलं.

या माणसाला काय काय सुनावायचं, ते मी दहा दिवस मनात घोळवत होते. आता अण्णांचे शब्दच त्याला हिंदीत वाचून दाखवायचे, म्हणून मी पडद्याजवळ वाकले.

"महोदय, माझ्या मुलीच्या घरी संगणक आहे. परंतु तिला शनिवारीही कामावर जावे लागते. तिच्या एका सुट्टीच्या दिवशी तिला त्रास देणे मला उचित वाटत नाही. सबब, मला येथे रोज एक तास"

पुढे कर्सर लुकलुकत होता.

"मैडम? क्या लिखा है?"

"आपने उन्हें यहाँ से उठाया," मी म्हणाले. "और मैंने..."

पुढचं हिंदीत येईना. ते त्यांना सांगायचंही नव्हतं. मी पडद्याकडे वळले.

"अण्णा," मी मोठ्याने म्हणाले, "शनिवारी मला ऑफिस नव्हतं."