चिमणी खाली उतरली

बांधकामावर तिचं नाव चिमणी पडलं ते मुकादमामुळे. टॉवर क्रेन चालवायला शिकायचं म्हणून ती पहिल्यांदा फाटकात येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "वर घरटं बांधायला आलीय वाटतं ही चिमणी!" गवंडी हसले, सळया बांधणारे हसले, सिमेंटच्या गाडीचा ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली ती हेल्मेटवर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं रंगवूनच: चिमणी. आता हिला चिडवायचं तरी कसं, असा मुकादमालाच प्रश्न पडला.

पण तो काही साधा गडी नव्हता. त्याने तिला वर चढूच दिलं नाही. आधी वायरला ग्रीस लावायला बसवलं, मग सिग्नल द्यायला खाली उन्हात उभं केलं. "क्रेन म्हणजे काय घरचा झोपाळा आहे?" हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच. ती ग्रीस लावत राहिली, उन्हात उभी राहिली, आणि जेवणाच्या सुट्टीत क्रेनवरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरच्या मागे मागे फिरून त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेत राहिली.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. तिला लहानाची मोठी केली आत्याने. आत्याचं गल्लीच्या टोकाला सोफे आणि गाद्या शिवायचं दुकान होतं, आणि भाची आपल्यानंतर तिथे बसेल हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"बाईच्या जातीने असं आकाशात लोंबकळायचं असतं का गं?" आत्या तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायची. "इथे बस, चार सोफे शिव, सुखाने जग."

"मला नाही आयुष्यभर बसून राहायचं."

"मग त्या क्रेनमध्ये काय उभी राहणारेस? तिथेही खुर्चीच आहे म्हणे!"

असं काही ऐकलं की चिमणीची जिद्द दुप्पट व्हायची. तिचा स्वभावच तसा होता. कोणी 'नाही' म्हटलं, की तिच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा.

शेवटी म्हाताऱ्या ऑपरेटरचे गुडघे गेले आणि मुकादमाचा नाइलाज झाला. पहिल्याच दिवशी त्याने मुद्दाम तिला सगळ्यात अवघड काम दिलं. दोन भिंतींच्या मधल्या अरुंद फटीत सळयांचा जुडगा उतरवायचा होता आणि वारा सुटलेला होता. तिने तो अलगद उतरवला. भिंतीला साधा ओरखडाही उठला नाही. खाली सगळे तोंडात बोटं घालून बघत होते. मुकादम एवढंच म्हणाला, "वारा पडला म्हणून निभावलं." वारा अजिबात पडला नव्हता.

मग हेच चालू झालं. तो नाक मुरडायचा, ती त्याच्या नाकावर टिच्चून काम करून दाखवायची. अशी वर्षं गेली. तिच्याहून सफाईदार हात आसपासच्या कुठल्याच बांधकामावर उरला नाही. कंपनीने तिचा फोटो भला मोठा करून कुंपणाच्या पत्र्यावर लावला. आणि आत्या? ती आता गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं माप घेता घेता, कोणी विचारलेलं नसताना सांगायची, "ती फोटोतली ना, ती आमची. मीच पाठवली तिला."

मग शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीचं काम निघालं. कंपनीच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "क्रेनवर कोण?" चिमणीने हात वर केला नाही. खरं तर गेले काही महिने तिला सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना जड जात होतं. शरीर ठणठणीत होतं. मनच वर यायला तयार नसायचं. या खेपेला दुसऱ्या कोणाला जाऊ दे, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मुकादम म्हणाला, "साहेब, एवढ्या उंचीला ती नको. तिला झेपायचं नाही."

"मला द्या," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेले तेव्हा तिचं तिलाच कळलं.

त्या केबिनमध्ये जेमतेम एक माणूस मावायचं. खुर्चीच्या हाताचं रेक्झिन सोललेलं, पायांमध्ये जाड काच, काचेखाली सगळं शहर. दिवसभर बोलायला कोणी नाही. वॉकीटॉकीवर फक्त "वर घे", "डावीकडे", "थांब", "सोड". माणसं म्हणजे पिवळ्या टोप्या. डबा उघडला की ती नदीकडे बघत जेवायची. नदीत एक फेरीबोट या काठावरून त्या काठावर जायची. माणसं सायकली चढवायची, एकदा कोणीतरी आख्खं कपाट चढवलं होतं, एकदा शेळी चढायला तयार नव्हती आणि चौघांनी तिला उचलून आत ठेवलं. बोटीवरचा आवाज वर येत नव्हता, तरी चिमणी एकटीच खळखळून हसली होती. डबा संपला तरी ती बोट पलीकडे लागेपर्यंत बघत राहायची.

इमारत बरीच वर गेली आणि मुकादमाचा निवृत्तीचा दिवस आला. काम सुटायच्या वेळी वॉकीटॉकी खरखरली.

"चिमणी, ऐकतेस ना?"

"बोला, काका."

"आज शेवटचा दिवस माझा. एक बोलायचं राहिलंय. मी चुकलो गं. पहिल्या दिवसापासून चुकलो. तुझ्यासारखा हात मी जन्मात पाहिला नाही. झालं, बोललो."

सगळ्यांच्या वॉकीटॉकीवर ते ऐकू गेलं होतं. खालून टाळ्या वाजल्या, कोणी सळईने पत्रा बडवला. याच शब्दांसाठी तर ती इतकी वर्षं झुरली होती. त्यांची तिने किती वेळा मनातल्या मनात उजळणी केली असेल! ते ऐकताना आपल्याला हसू येईल की रडू, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात काहीच आलं नाही. दार आतून कोणीतरी दाबून धरलंय म्हणून आपण खांदा लावून ढकलत असावं आणि आतल्याने एकाएकी हात काढून घ्यावा, तसं तिचं झालं. जणू ती भेलकांडत आत गेली, आणि आत बघते तर तिचं असं काहीच नव्हतं.

खाली सगळे तिची वाट बघत होते. ती मात्र लिव्हरवर हात ठेवून बसून राहिली. हा माणूस त्या दिवशी फाटकात हसला नसता, 'ये, शिक' म्हणाला असता, तर मी दुसऱ्या दिवशी आले असते का? पहिली काही वर्षं काम आवडलं होतं, मनापासून आवडलं होतं, ते खोटं नव्हतं. पण नंतर? नंतर ती क्रेन चालवत नव्हती, मुकादमाशी भांडत होती. आणि मुकादमाने तर आज भांडण मिटवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, "या इमारतीचं काम पुरं करते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बसल्या की मी मोकळी. तोवर दुसरा ऑपरेटर तयार करून देते."

साहेबांना आधी थट्टा वाटली. मग ते खुर्चीत पुढे सरकले. "आत्ता? इतक्या उंचीवर पोचून?"

"उंचीवर राहायला कोणी जात नाही, साहेब. काम झालं की उतरतात."

"अहो, तुमचा फोटो बघून मुली येतायत शिकायला. त्यांनी काय समजायचं?"

"शिडीवरून उतरताही येतं, एवढं समजलं तरी पुष्कळ."

साहेबांनी पदाचं आमिष दाखवून पाहिलं, थोडं रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. टाक्या बसायच्या दिवशी वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. टाकी भोवऱ्यासारखी फिरत होती. नवा ऑपरेटर केबिनच्या दारात उभा राहून घामाघूम झाला. चिमणीने घाई केली नाही. वारा श्वास घ्यायला थांबला की ती टाकी थोडी सरकवायची, पुन्हा थांबायची. शेवटची टाकी जागेवर बसली, हुक सुटला, तेव्हा दुपार कलली होती. तिने केबिनची काच पुसली, खुर्ची नव्या माणसाला दिली आणि खाली उतरली.

खरी लढाई घरी होती.

"मी गल्लीत तोंड कसं दाखवू?" आत्याने मशीन थांबवलं. "सगळ्यांना सांगून बसलेय मी!"

"आत्या, तूच तर म्हणायचीस, उतर म्हणून."

"तेव्हा उतरली असतीस तर शहाणी म्हटलं असतं. आता उतरलीस म्हणजे हरलीस म्हणतील."

"कोणापुढे हरले?"

आत्या गडबडली. तिने मशीन पुन्हा सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. "बरं," ती खाली मान घालून म्हणाली, "मग इथे ये. दुकान आहेच."

"नको, आत्या. इथेही मी फक्त तुझ्यासाठी बसेन. मी फेरीबोटीवर जातेय. दोर फेकायच्या कामावर."

आत्याने कात्री खाली ठेवली. तिच्या हातून काही होऊ नये म्हणून असेल.

दोन दिवसांनी दारात मुकादम उभा. इस्त्रीचा शर्ट घातलेला, डोक्यावर हेल्मेट नाही. एवढ्याशा वाटणाऱ्या या माणसाला आपण इतकी वर्षं डोंगर समजत होतो, याचं चिमणीला नवल वाटलं. आत्यानेच बोलावलं होतं, हे आत्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"जन्मात एकदा चांगलं बोललो, तर हे असं!" मुकादम बसता बसता म्हणाला. "माझ्यामुळे वर चढलीस. आता माझ्यामुळेच उतरतेस?"

"चढले तुमच्यामुळे, काका. उतरले माझी मी."

त्याने आत्याकडे पाहिलं. मग डोळे बारीक केले, आणि त्याचा तो जुना, बांधकामावरचा आवाज बाहेर निघाला. "फेरीबोट? तुला जमायची नाही. पाणी म्हणजे काय खेळणं वाटलं? चार दिवसांत रडत येशील परत."

चिमणीच्या पाठीचा कणा ताठ झाला. कानशिलं गरम झाली. 'बघाच तुम्ही,' हे शब्द थेट जिभेवर आले. आणि तिथेच आपण पुन्हा तेच करतोय हे तिला कळलं, आणि ती हसायला लागली. इतकी हसली की मुकादमही गोंधळून हसला.

"काका, तुमचा डाव मी ओळखला. तुम्ही 'जमणार नाही' म्हणालात म्हणून मी जातेय असं नाही, आणि म्हणून थांबेन असंही नाही. तुमचं मत तुमच्याजवळ ठेवा. चहा घ्या."

मुकादमाने मुकाट्याने चहा घेतला.

फेरीबोटीवर निराळीच पंचाईत झाली. तिथे तिला कोणी 'नाही' म्हणालंच नाही. बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू ज्याच्या हातात तो, मितभाषी माणूस होता. "दोर फेकता येतो?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. "मग शिक," तो म्हणाला आणि इंजिनाकडे वळला. ना विरोध, ना कौतुक. ढकलायला दारच नव्हतं. दोर पाण्यात पडायचा, हातांची सालं निघायची, आणि संध्याकाळी घरी जाताना तिला ज्याच्यावर दातओठ खावेत असंही कोणी मिळायचं नाही. बांधकामावरची जुनी मंडळी कधी बोटीवर भेटली तर विचारायची, "काय चिमणे, पाण्यात पडलीस?" ती म्हणायची, "पडले नाही, उडी मारली. पाय आत घ्या, दोर लागेल."

वर्ष उलटल्यावर तिने सुकाणूची परीक्षा दिली आणि सपशेल नापास झाली. प्रवाहाचा अंदाज चुकला, बोट धक्क्यावर धाडकन आदळली, परीक्षकाची टोपी नदीत गेली.

सगळे गेल्यावर तांडेल म्हणाला, "सोडायचं असेल तर सांग. मला दुसरा माणूस बघायला बरं."

त्याच्या आवाजात खोच नव्हती. तो खरंच विचारत होता. म्हणून तिनेही खरंच विचार केला. बोटीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसली. कोणाला काय दाखवायचं आहे, हे शोधून पाहिलं. कोणीच सापडलं नाही. आत्या अजून अबोला धरून होती, मुकादम आपल्या घरी होता. कोणी जिंकणार नव्हतं, कोणी हरणार नव्हतं. आणि तरीही तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: वळणापाशी पाणी काठाकडे ओढतं, तिथे इंजिन थोडं आधी मंद करायला हवं होतं.

"उद्या रिकाम्या फेरीला सुकाणू मला द्या," ती उठून म्हणाली. "वळण चुकतंय माझं."

तांडेलने मान हलवली. वळण जमायला पुढचा सबंध हंगाम गेला. मधे ती आणखी एकदा नापास झाली. परीक्षक तोच होता, पण त्याने या वेळी टोपी घातली नव्हती. तिसऱ्या खेपेला तिने बोट धक्क्याला अशी लावली की उभ्या प्रवाशाचा तोलही गेला नाही.

ती पहिल्यांदा एकटीने बोट नेणार होती त्या सकाळी धक्क्यावर गर्दी होती. पाठीवर पोतं घेतलेला एक गृहस्थ फळीवर थबकला आणि सुकाणूपाशी तिला बघून मोठ्याने म्हणाला, "बाई चालवणार की काय?"

"हो!" ती तितक्याच मोठ्याने म्हणाली. "यायचं तर या, नाहीतर पूल आहे पुढच्या वळणावर. चालत जा."

मागचे लोक हसले. गृहस्थाने पुलाच्या दिशेने पाहिलं, पाठीवरच्या पोत्याचा अंदाज घेतला आणि मुकाट्याने आत आला. दोर सुटला. नदीच्या मध्यावर पाण्याची ओढ वाढली, बोट डुलली, चिमणीने सुकाणू हलकं धरलं आणि नाक प्रवाहाकडे वळवलं. थोड्या वेळाने मागून खाकरल्याचा आवाज आला. तोच गृहस्थ होता. त्याला जवळ उभं राहून बघायचं होतं.

"राहा उभे," समोरची नजर न हटवता ती म्हणाली. "पण बोलू नका. मला पाणी ऐकायचंय."