झेंड्याची पाळी

रुपालीने लाल झेंडा आडवा धरला आणि रस्त्यात पाऊल टाकलं. कंटेनरवाल्याने ब्रेक दाबला, पण मनापासून नव्हे. गाडी फुसफुसत, कुरकुरत तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. वरून ड्रायव्हर काहीतरी बोलला. ते ऐकू आलं नाही हे बरंच झालं. पलीकडच्या कडेला ताजुन्निसा खालाने शिट्टी फुंकली आणि मुलं निघाली, मोठी पळत, धाकटी एकमेकांची दप्तरं धरून.

तळवड्याहून चाकणकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या एका बाजूला महापालिकेची शाळा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या चाळी. मधून सकाळी कारखान्यांचा सगळा माल धावतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चौथीतल्या एका मुलीच्या पायावरून टेम्पो गेला. गतिरोधकासाठी अर्ज झाले. अर्ज जिथे जातात तिथे गेले. मग मुख्याध्यापिका कुसुमताईंनी मुलांच्या आयांना बोलावून सांगितलं, "गतिरोधक येईल तेव्हा येईल, तोवर आपणच गतिरोधक." आया हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. चाकणच्या एका मोठ्या कंपनीने चमकणारी जाकिटं, शिट्ट्या आणि झेंडे दिले आणि त्यांचे भरपूर फोटो काढून नेले. पुढे कुणाचं काम आडवं आलं, कुणाचं लेकरू आजारी पडलं, आणि रोजच्या उरल्या त्या रुपाली आणि ताजुन्निसा खाला.

त्या दिवशी शेवटचं मूल आत गेल्यावर कुसुमताईंनी रुपालीला ऑफिसात बोलावलं.

"कंपनीचे साहेब आले होते काल. वरच्या दोन खोल्या बांधून द्यायचं नक्की करतायत."

दुसरीचा वर्ग वर्षभर व्हरांड्यात भरत होता. रुपालीची दिव्या त्याच वर्गात होती.

"बरं झालं की, मॅडम."

"हो." कुसुमताईंनी टेबलावरची खडूची पेटी उगीच सरळ केली. "त्यांचं म्हणणं एवढंच आहे, की सकाळी त्यांच्या मालाच्या गाड्या आपल्यापाशी अडकतात. माल वेळेत पोचला नाही तर तिकडे उत्पादनाची लाइन थांबते. तेव्हा काचेवर त्यांचा हिरवा स्टिकर दिसला, की ती गाडी सोडायची."

"अन् पोरं?"

"गाडी गेली की मग पोरं."

"एक सोडली की तिच्या शेपटाला धरून मागच्या साऱ्या निघतेत, मॅडम. मग हातात झेंडा काय अन् फडकं काय."

"मला कळत नाही का ते?" कुसुमताईंचा आवाज चढला नाही, पण थकलेला होता. "मी त्यांना हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. उद्या मी फाटकात उभी राहते. बघू."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहायचं रुपालीने. बाई वाईट नव्हत्या. व्हरांड्यात पावसाचे सपकारे झेलणारी मुलं त्यांना दिसत होती, म्हणून त्या अशा अडल्या होत्या. रुपालीने एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही. तसला हिरवा स्टिकर तिच्या घरच्या पिकअपवरही होता.

समाधान, तिचा नवरा, तळवड्यातल्या एका वर्कशॉपमधून सुटे भाग भरून रोज सकाळी कंपनीत पोचवायचा. संध्याकाळी तो घरी आला तो सगळं कळूनच.

"मॅडमनं सांगितलं ना तुला?" हात धुता धुता त्याने विचारलं.

"सांगितलं."

"मग झालं तर. गेटवरचा सिद्धेश म्हणलाय, आता आणखी एकदा उशीर झाला तर गेटच बंद. दुसरी गाडी लावतेत ते. त्येंच्याकडं गाड्यांना काय तोटा?"

"शाळेचं सांगा की त्येला. पोरं असतेत म्हणून."

"सांगितलं. म्हणला, पोरं रोजचीच आहेत, ते कारण चालत नाही." तो ताटावर बसला. "साऱ्या दुनियेला धर तू. घरच्या गाडीला कशाला धरायलीस?"

"घरच्या गाडीमागं कंटेनर असतोय."

"कंटेनरचं कंटेनरवाला बघंल."

"त्या पोरीच्या वक्ताला बी कुणीतरी असंच म्हणलं असंल."

समाधानने घास खाली ठेवला. "वर्कशॉपवाले माल भरतेत तवाच मी निघणार. आधी कुठून निघू? गेट बंद झालं तर गावाकडं परभणीला जाऊन काय करायचं? तुझा झेंडा खायचा का?"

हे रुपालीला लागलं. घर त्या पिकअपच्या चाकांवर चालत होतं. दिव्या दोघांकडे न बघता भाकरी मोडत बसली. दोघांचंही खरं होतं, आणि एका खोलीत दोन खरी माणसं बसली की जेवण कुणालाच गोड लागत नाही.

सकाळी जाकीट चढवताना रुपालीने मनाशी बेत केला. समाधानची गाडी यायच्या आत मुलं पार करायची, म्हणजे सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. तिने खालाला लवकर शिट्टी मारायला सांगितलं. पण मुलं का कुणाच्या बेताने चालतात? पहिलीतल्या एकाची चप्पल तुटली, एक मुलगी रडायला लागली, आणि धाकट्यांची रांग रस्त्याच्या मधोमध असतानाच वळणावरून पांढरी पिकअप आली. काचेवर हिरवा स्टिकर. मागे लगटून कंटेनर.

समाधानने हॉर्न दिला. मग दाबूनच धरला. रुपालीने झेंडा हलवला नाही. पिकअप थांबली तशी त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"सोड ना, रुपाली. थोडक्यासाठी काम जाईल."

फाटकात कुसुमताई उभ्या होत्या. त्या काही खूण करत नव्हत्या, हाताची घडी घालून नुसत्या बघत होत्या. समाधानचा फोन वाजायला लागला. तो कुणाचा हे रुपालीला विचारावं लागलं नाही. मुलांच्या रांगेत एक फट पडली होती. पुढची पलीकडे पोचली होती, मागची चार-पाच अजून कडेलाच होती, आणि त्या फटीतून एक पिकअप निघू शकली असती. खरोखर निघू शकली असती. तिला परभणी दिसली, सासऱ्यांचं तोंड दिसलं, आणि झेंडा धरलेला हात वीतभर खाली आला.

समाधानने ते पाहिलं. पिकअपचं इंजिन घुमलं. त्यासरशी मागच्या कंटेनरनेही हिसका दिला आणि पुढच्याला ओलांडून जाण्यासाठी तोंड उजवीकडे काढलं. कडेच्या मुलांना वाटलं, झेंडा खाली आला म्हणजे आपण निघायचं. ती निघाली. खालाची शिट्टी नुसतीच वाजत राहिली.

समाधानची नजर आरशात होती. त्याने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि पिकअप रस्त्यात तिरकी आडवी घातली. कंटेनरचे ब्रेक किंचाळले. त्याचं नाक पिकअपच्या दारापासून थोडक्यात राहिलं.

मुलं पलीकडे गेली.

समाधान खाली उतरला. कंटेनरवाल्याच्या शिव्या त्याने ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या. तो पिकअपपुढे गेला, बॉनेट उचललं, मोबाइलवर त्याचा फोटो काढून पाठवला आणि मग वाजणारा फोन घेतला.

"हा सिद्धेशभाऊ. गाडी बंद पडली. फोटो टाकलाय बघा. हा, रस्त्यातच. करतो, करतो."

फोन खिशात टाकून तो रुपालीकडे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि आवाज रागीट होता.

"बंद पडलेली गाडी चालते त्येंना. पोरांसाठी थांबलेली चालत नाही." मग हळू म्हणाला, "हात कशाला खाली घेतलास?"

त्याने बॉनेट आपटून बंद केलं आणि तो गेला.

संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, की आजचं निभावलं, पण एकच गाडी रोज बंद पडली तर सिद्धेश काही दुधखुळा नाही. रुपाली म्हणाली, "उद्यापासून झेंडा दुसऱ्या कुणाला देते." समाधानने मान वर केली नाही. "उद्या तर जा," म्हणाला. त्याच्या मनात काय होतं ते तिला समजलं नाही, आणि विचारायची हिंमत तिच्यात उरली नव्हती.

सकाळी तिने झेंडा वर केला. वळणावरून पिकअप आली. हिरवा स्टिकर होता, पण गाडी समाधानची नव्हती. ताजुन्निसा खालाचा मुलगा अजिम चालवत होता. हॉर्न न देता तो झेंड्यापाशी आला, गाडी रस्त्यात तिरकी लावली, उतरला, बॉनेट उचललं आणि फोटो काढून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रस्त्याच्या पलीकडून आई त्याच्याकडे डोळे फाडून बघत होती.

त्याच्यामागे साहेबराव नावाचे म्हातारे ड्रायव्हर होते, आणि त्यांच्यामागे समाधान. समाधानने सिद्धेशला पाठवायला जागेवरूनच काचेतून पुढच्या उघड्या बॉनेटचा फोटो घेतला आणि मोबाइल खाली ठेवला. तो रुपालीकडे बघत नव्हता.

साहेबरावांनी खिडकीतून मान काढली. "सावकाश न्ये पोरान्ला, पोरी. उद्याची पाळी माझी हाय. परवा भिमाजीची."

मुलं अर्ध्या रस्त्यात असताना कुसुमताई फाटकातून चालत आल्या.

"काय झालं?"

"गाडी बंद पडली, मॅडम," रुपाली म्हणाली.

कुसुमताई बॉनेटजवळ गेल्या. इंजिन व्यवस्थित सुरू होतं. अजिम ते बंद करायचंच विसरला होता. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, अजिमकडे पाहिलं, मागे शांतपणे थांबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. अजिमने मान खाली घातली.

"कंपनीचीच गाडी आडवी आली," बाई म्हणाल्या. "मग आपण तरी काय करणार."

त्यांनी पर्समधून फोन काढला, दोन पावलं मागे सरकल्या आणि साहेबांना पाठवायला त्या गाडीचा एक फोटो घेतला. काचेवरचा स्टिकर नीट येतोय ना, हे त्यांनी पुन्हा एकदा बघून घेतलं.