खांब बंद झाल्यावर

दुपारी पावणेचारला मॅनेजरबाई रेबेका खांबापाशी आली आणि म्हणाली, साडेचारला आणखी एक उड्डाण करायचं आहे. खांब बंद होऊन अर्धा तास झाला होता.

खांब बंद होणं म्हणजे काय, हे कोसुमेल बेटावरच्या त्या आवारात फक्त पाच जणांना आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊक होतं. पाचही मुख्य भूमीवरच्या पापांत्ला गावाकडचे, तोतोनाक जमातीचे, पोटासाठी बेटावर येऊन राहिलेले. बोटीचे प्रवासी यायचे, टकीला चाखायचे, नाच बघायचे आणि शेवटी माना वर करून उभे राहायचे. लोखंडी खांबाच्या टोकावरून चौघं कमरेला दोर बांधून उलटे लटकत, गिरक्या घेत खाली यायचे. पाचवा, सिल्वेरियो, टोकावरच्या टीचभर फळीवर बासरी आणि ढोल वाजवायचा. त्याला कापोराल म्हणतात. त्याला दोर नसतो.

उड्डाणाआधी दारूला शिवायचं नाही, हा नेम. गावाकडे तो आठवडाभर पाळत. इथे बोटी रोजच्याच, म्हणून सिल्वेरियोनेच तो दिवसापुरता आणला होता. शेवटचं उड्डाण झालं की तो उसाच्या दारूची बाटली काढायचा. पहिली धार खांबाच्या बुडाशी, जमिनीला. मग प्रत्येकाला एक घोट. नेम सुटला, खांब बंद.

आजचा घोट पाचही जणांच्या पोटात गेला होता.

"दुसऱ्या बंदरात वारा सुटलाय, तिथली बोट इकडे वळवलीय," रेबेका म्हणाली. "दोनशे माणसं आहेत, काका. तिकिटावर टकीलाही छापलीय आणि उडणारी माणसंही. टकीला मी पाजते. उडूही मीच का?"

"खांब बंद झालाय, बाई."

"मग उघडा."

"दुकानाचं शटर आहे का ते?"

"माझ्यावर काय चिडताय? मालकांनी सांगितलंय, जमत नसेल तर सोमवारपासून कान्कूनची टोळी येईल. त्यांचा कापोराल एवढं सोवळं पाळत नाही म्हणे."

कास्तुलो, उडणाऱ्यांत सगळ्यांत मोठा, काढलेले बूट पुन्हा चढवू लागला. "एका घोटानं काय होतंय, दादा? आमच्या हिच्या शिव्या त्याहून जास्त चढतात."

दोघे जुळे भाऊ फिदीफिदी हसले. सिल्वेरियो हसला नाही. समोर तिघंच होते.

"नार्सिसो कुठाय?"

नार्सिसो त्याचा जावई. तो टकीलाच्या हॉलमधून बाहेर आला तेव्हा अंगावर उड्डाणाचा लाल पोशाख तसाच होता आणि हातात चोखलेली लिंबाची फोड.

"फोटो हवा होता त्यांना," तो म्हणाला.

"किती घेतलीस?"

"तुम्ही दिलीत तेवढी, मामा. आणि आत एक. नाही म्हटलं तर वाईट दिसतं."

"एकच?"

"एकच म्हटलं ना."

सिल्वेरियो जवळ गेला. तोंडाला वास होता. पण तो कास्तुलोच्याही तोंडाला होता, जुळ्यांच्याही, आणि त्याच्या स्वतःच्याही. एक घोट कुणाचा आणि चार कुणाचे, हे वासावरून कळायची सोय त्याने स्वतःच घालवली होती.

आवाराच्या कडेला त्याची मुलगी सेनायदा व्हॅनिलाच्या शेंगा वळून फुलं करत बसली होती. हॉलचं दार तिच्या समोरच. बाप आला तरी तिने मान खालीच ठेवली.

"खांब बंद झाल्यापासून आतच होता तो, बाबा."

"किती घेतली असेल?"

"मला बाहेरून काय दिसणार? हसण्याचा आवाज वाढत गेला, एवढं ऐकलं." मग हळूच म्हणाली, "मी सांगितलं असं म्हणू नका. आधीच म्हणतो, तुझ्या बापाला मी अजून शिकाऊच वाटतो."

एकाला वगळून चालत नव्हतं. खांबाच्या टोकावरची फिरती चौकट, जिच्यावर उडणारे बसतात, ती चौघांच्या वजनावर तोलली जाते; तिघांत ती कलंडते. उडायचं तर चौघांनी, नाहीतर कुणीच नाही. आणि कुणीच नाही म्हणजे सोमवारी पाच बिऱ्हाडं बेटावरून उठणार.

उड्डाणाआधी खांबाभोवती नाच असतो. सिल्वेरियोने बासरी वाजवली आणि जावयाचे पाय बघितले. एकही ठेका चुकला नाही. तेवढ्यावर त्याने निकाल दिला.

"चढा."

कापोराल शेवटी चढतो. त्याच्या डोक्यावर नार्सिसोच्या टाचा होत्या. अर्ध्यावर त्या थांबल्या. नार्सिसोने कपाळ खांबाला टेकवलं.

"काय झालं?"

"काही नाही. ऊन लागतंय."

टाचा पुन्हा हलल्या. सिल्वेरियो त्यांच्या मागोमाग चढत राहिला.

वर चौघं चौकटीच्या चार बाजूंना बसले. ज्याचा दोर त्याने बांधायचा, हा रिवाज. कापोरालने गाठीबद्दल विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे, तू उडायच्या लायकीचा नाहीस, असं सगळ्यांदेखत सांगणं. सिल्वेरियो फळीवर उभा राहिला. चारी दिशांना बासरी झाली. उरली होती ती झेपेची धून. ती वाजली की चौघं एकदम मागे अंग टाकतात. वाजेपर्यंत कुणी हलत नाही.

नार्सिसोचा पंजा पोटावरच्या गाठीवर होता. दोराचं एक टोक बोटांखालून बाहेर लोंबत होतं.

सिल्वेरियोने बासरी तोंडापासून काढली. "हात काढ. गाठ बघू दे."

"बांधलीय, मामा."

"मग दाखव."

"यांची बघितलीत?"

"कास्तुलो, दाखव तुझी."

कास्तुलोने लगेच दाखवली. जुळ्यांनीही दाखवल्या.

"आता तू."

"खाली सेनायदा बघतेय."

"म्हणूनच सांगतोय."

"वाजवा, मामा."

खालून ध्वनिक्षेपकावर रेबेकाचा आवाज आला, "टाळ्या होऊन जाऊ द्या! आपले वीर तयार आहेत!" टाळ्या झाल्या आणि विरल्या.

"उतरू या सगळे," सिल्वेरियो म्हणाला.

कास्तुलो पुढे वाकून कुजबुजला, "दादा, खांबावरून उतरायचं तर कमरेचा दोर सोडावा लागेल. चढताना तो मध्येच थांबला होता, मी वरून पाहिलंय. दोराशिवाय हा खाली पोचेल?"

गाठ नीट असेल तर उडण्याइतकं सुरक्षित काही नव्हतं. नसेल तर सिल्वेरियोच्याच बासरीने नार्सिसो मरणार होता.

सिल्वेरियोने ढोल खांद्यामागे सरकवला आणि एक पाय फळीवरून नार्सिसोच्या बाजूला टाकला. चौकट त्या अंगाला झुकली. समोरच्या जुळ्याने झटकन बाहेरच्या अंगाला रेलून ती सावरली.

"जवळ येऊ नका!" नार्सिसो ओरडला.

"आलो नाही. तूच हात दे."

"काका, वाजवा ना!" खालून रेबेका ओरडली. या वेळी ध्वनिक्षेपकाशिवाय.

पाच वाजले तेव्हा बासरी वाजली नव्हती. पाचही जण वरच होते. सिल्वेरियोचा एक पाय चौकटीवर होता, आणि नार्सिसोने गाठीवरचा हात काढला नव्हता.