नोल्बेर्तोचा रातकिडा

“सुरूच होत नाहीये,” नोल्बेर्तो म्हणाला.

“सुरू आहे.”

त्याने यंत्र कानाशी नेलं. मग सुईच्या टोकाशी बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. मी पोट धरून हसलो. आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

गोंदण्याचं ते यंत्र पंचवीस वर्षांपूर्वी मीच त्याला बनवून दिलं होतं. टेपरेकॉर्डरची मोटर, तिच्यावर एक पितळी चकती, चकतीच्या कडेला खिळा, खिळ्यावर मटाराएवढं बेअरिंग आणि त्यात अडकवलेली सुईची दांडी. मोटर फिरली की सुई खालीवर. वाल्पाराईसोच्या बंदरातले किती खलाशी आणि हमाल त्या सुईखालून गेले, याची गणती नाही. चालायचं झकास, पण खडखड एवढी, की आमच्या चढावरच्या वस्तीतली पोरं त्याला रातकिडा म्हणत. मी शिलाई यंत्रांच्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस. “एलिसेओच्या हातचं ना ते?” असं कुणी हसून विचारलं की माझं जेवण कडू व्हायचं.

त्या आठवड्यात नोल्बेर्तोने ते दिलं होतं फक्त सुईची दांडी ताणून धरणारं रबर बदलायला. मी मात्र त्याच्या सदुसष्टाव्या वाढदिवसाची भेट म्हणून सगळंच खोललं. नवं बेअरिंग बसवलं, चकती कानशीने घासून तिचा तोल साधला, मोटरीखाली रबराची गादी घातली. तीन दिवस खपलो.

“छान आहे,” तो म्हणाला. “जुनं बेअरिंग ठेवलंयस ना?”

“भंगारात टाकलं.”

“परत बसव की, मायेस्त्रो.” मायेस्त्रो म्हणजे उस्ताद; आमच्याकडे कुठल्याही कारागिराला असंच म्हणतात.

“का? आंदण मिळालं होतं का तुला?”

“आवाजाची सवय आहे रे.”

“बायकोच्या घोरण्याचीही होती. ती सोडून गेली तेव्हा मेलास का?”

एरवी यावर त्याने मला दोन शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी तो नुसता यंत्र हातात फिरवत बसला. मला राग आला. तीन दिवसांच्या मेहनतीचं हे कौतुक?

“शनिवारी एर्सिलियाला घेऊन येतो,” मी म्हणालो. “या यंत्राचं पहिलं काम माझ्या बायकोच्या हातावर झालं पाहिजे.”

“पुढच्या महिन्यात बघू.”

“घाबरलास का म्हाताऱ्या?”

हा शब्द मी वापरायला नको होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, “शनिवारी. दहा वाजता.”

एर्सिलियाला फार मोठं काही नको होतं. तिची आई मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात होती. पोरं उठायच्या आत कामावर जायची आणि टेबलावर चिठ्ठी ठेवून जायची: ‘पाव फडक्यात आहे.’ रोज तेच तीन शब्द. त्यातली एकच चिठ्ठी उरली होती. मार्चमध्ये आई गेली, तेव्हापासून एर्सिलिया म्हणत होती, मला हे आईच्याच अक्षरात हातावर हवंय. बारीक अक्षर, मागे झुकलेलं, कमी शिकलेल्या बाईचं.

शनिवारी नोल्बेर्तोने चिठ्ठीवरून कागदावर, कागदावरून तिच्या हातावर अक्षरं उतरवली. यंत्र सुरू केलं. खोलीत फक्त रेडिओ ऐकू येत होता.

“रेडिओ बंद कर,” तो म्हणाला.

मी केला. तो खाली वाकला. इतका वाकला, की त्याचा कान तिच्या मनगटाला टेकला.

“मायेस्त्रो, माझ्या हाताला मासळीचा वास येतोय का हो?” एर्सिलियाने विचारलं.

“नाही हो, बाई. स्वस्थ बसा.”

पहिला शब्द झाला. दुसऱ्याला तिने ओठ चावला. “खोल जातंय का?”

नोल्बेर्तो थांबला. कपाळ पुसलं. माझ्याकडे बघितलं. मी काय करत होतो? मी माझी चकती बघत होतो. ती काय सुंदर फिरत होती!

“थांबू या का आज?” त्याने विचारलं.

“अरे, एक तर शब्द राहिलाय,” मी म्हणालो.

दहा दिवसांनी खपली गेली. ओल्या कागदावर शाई फुटावी तशी अक्षरं कातडीखाली फुटली होती. वर वण उठला होता. पहिला शब्द कसाबसा लागत होता. पुढचे दोन म्हणजे निळा डाग. एर्सिलिया रडली नाही. तिने बाही खाली ओढली आणि पीठ मळायला घेतलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तडक उतार उतरून गेलो आणि नोल्बेर्तोला नको नको ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “डावा डोळा गेलाय. उजव्याने जाड रेघ दिसते, बारीक नाही.”

“मग एवढी कामं केलीस कशी?”

“कानाने. रेघ सुरू करून द्यायची, पुढचं हात जाणतो. पण सुई किती खोल गेली हे रातकिडा सांगायचा. हवेत मोठ्याने खडखडायचा. कातडीत बरोबर गेली की आवाज जरा बसायचा. जास्त खोल गेली की घुसमटायचा.”

“मग मला सांगायचं ना!”

“तुला? दुपारच्या आत सगळ्या चढाला कळलं असतं.” मग तो म्हणाला, “परत बसव म्हणालो होतो मी.”

म्हणाला होता.

घरी येऊन मी भंगाराचा डबा जमिनीवर ओतला. तसली सात बेअरिंगं निघाली. त्याचं कुठलं, कोण सांगणार? गादी काढली आणि एकेक बसवून त्याच्याकडे नेत राहिलो. तो डोळे मिटून डुकराच्या कातडीवर सुई चालवायचा आणि मान हलवायचा. आवाज सगळीच करत होती. सातव्याला तो म्हणाला, “हा नुसता आवाज आहे रे. काही सांगत नाही.” बेअरिंग सापडलं असतं तरी चकती मी कानशीने घासली होती. घासलेलं पितळ परत येत नाही.

त्याने दुकान बंद केलं. लोक मला म्हणतात, आंधळ्याच्या हातात सुई, आज ना उद्या कुणाचं तरी वाटोळं झालंच असतं. खरं असेल. मीही मनाला तेच सांगतो. पण चार वर्षांत झालं नव्हतं. ते मी केलं.

मला वाटलं होतं, एर्सिलिया त्याचं तोंड बघणार नाही. गेल्या रविवारी तिनेच त्याला संध्याकाळच्या चहाला बोलावलं. मी खाली जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आलो. पाव, चीज, अॅव्होकाडो, सगळं मांडलं होतं.

“मला बघायचंय,” नोल्बेर्तो म्हणाला.

एर्सिलियाने बाही वर केली आणि हात त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. त्याने अंगठा वणावर टेकवला आणि हळूहळू पुढे नेला, अक्षरागणिक. ‘पाव’. मग दुसरा शब्द. त्याच्या मध्यावर अंगठा थांबला.

“इथून,” तो म्हणाला. “इथून मला ऐकू आलं नाही.”

“चहा निवतोय, मायेस्त्रो,” एर्सिलिया म्हणाली. पण तिने हात काढून घेतला नाही. मी उठलो आणि फडक्यातला पाव कापायला घेतला.