तेवढे तीन शब्द

मी एक कॅसेट बोलतेय. बोलतेय म्हणजे, अजून तरी. आत्ता मी टेपरेकॉर्डरच्या पोटात बसलेय, बटण दाबायचं तेवढं राहिलंय आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय.

जन्म कारखान्यातला. नशिबात गाणी असतील असं वाटलं होतं, पण मला विकत घेतलं एका ताईंनी. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी जी माणसं पहिल्यांदा रस्त्यावर उतरली, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून जमवायचा ताईंना ध्यास होता. "लिहून कुणी ठेवणार नाही, निदान बोलून तरी ठेवा," म्हणत त्या दारोदार फिरायच्या. कुणी दार उघडे, कुणी तोंडावर लावून घेई.

माझ्या वाट्याला आल्या सिस्टर, निवृत्त नर्स. त्यांच्या स्वयंपाकघरात मला लावलं, तेव्हा शेजारच्या खोलीत शिंपीणबाई शाळेचे गणवेश शिवत होत्या. दोघींनी एका घरात उभा जन्म काढला होता. लोकांना सांगायचं, 'रूम पार्टनर'. केस पिकले तरी रूम पार्टनरच!

"अगं, मशीन थांबव ना जरा, रेकॉर्डिंग चाललंय," सिस्टर ओरडल्या.

"आणि उद्या पोरं काय उघडी जातील शाळेत? तुझं चालू दे, मी दार लावते."

दार लागलं. मशीनची धडधड मात्र माझ्या फितीवर अजून आहे.

सिस्टरांनी पहिल्या मोर्चाची गोष्ट सांगितली. बाकीच्यांनी तोंडाला कागदी मुखवटे लावले होते. या मात्र ड्युटीवरून थेट, पांढऱ्या कपड्यांतच गेल्या. "लोकांना वाटलं, कुणाला चक्कर आली तर असावी म्हणून नर्स ठेवलीय! दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई म्हणतात कशा, शाब्बास, असल्या लोकांचीसुद्धा सेवा करतेस! मी आपली 'हो मॅडम' म्हणून गप्प. बघा, मुखवटा न लावताच लपले." हसता हसता त्यांचा आवाज फाटला.

मग ताईंनी विचारलं, "आत शिवतायत त्या तुमच्या कोण?"

सिस्टरांनी बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग, नवरे बायकोचं नाव न घेता म्हणतात ना, अगदी तस्सं, सिस्टर हळूच म्हणाल्या, "ती? ती आमची ही."

दार बंद होतं. ज्यांच्यासाठी ते शब्द होते, त्यांना ते ऐकूच गेले नाहीत.

पुढे सिस्टर आजारी पडल्या. दवाखान्यात शिंपीणबाईंना विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" सवयीने त्या बोलून गेल्या, "रूम पार्टनर." त्यांना आत सोडलं नाही. सिस्टर तिथेच गेल्या; त्यांचा भाऊ आला आणि सगळं उरकून निघूनही गेला.

मी ताईंच्या माळ्यावर, तापल्या पत्र्याखाली एका खोक्यात पडून होते. शेजारी एका वकिलाची कॅसेट होती, ती बुरशीने मुकी झाली. एका ड्रायव्हरची होती, तिची फीत चिकटून दगड झाली. केवढी माणसं माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा मेली! मलाही एकदा टेपरेकॉर्डरने गिळलं होतं. ताईंनी पेन्सिल घालून मला गुंडाळलं खरं, पण फितीला चुणी पडली ती नेमकी त्या शब्दांच्या अलीकडे.

आज शिंपीणबाई काठी टेकत ताईंकडे आल्यात. बोलता बोलता ताई म्हणाल्या, "त्या तुम्हाला काय म्हणाल्या होत्या, ठाऊक आहे?"

"काय म्हणाली? बरं की वाईट?"

"मी नाही सांगणार. त्यांच्याच तोंडून ऐका."

टेप दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने बजावलंय, फीत कुजलीय, वाजली तर एकदाच. म्हणून ताईंनी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवलाय.  अहो ताई, इतकी वर्षं काय करत होतात? आणि ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्या बहिणी असतील. आजच खाली काढा त्यांना, हात जोडते.

बटण दाबलं. धडधड सुरू झाली.

"अगंबाई, हे तर माझंच मशीन," शिंपीणबाई पुटपुटल्या. मग स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या. 'मी दार लावते.' "कशाला लावलं गं मी ते दार?" म्हणत त्यांनी कान माझ्यापाशी आणलाय.

मोर्चा संपला, मेट्रनबाई झाल्या. आता ताई विचारतायत, 'त्या तुमच्या कोण?'

चुणी पुढ्यात आलीय. फीत ताणली जातेय. तुटायचंच असेल तर तुटेन मी, माझं काही म्हणणं नाही. पण तेवढे तीन शब्द आधी होऊ द्या.